वेळोबापुढचा दिवा

संध्याकाळचे सात. वारा पडलेला, दर्या सपाट. खारभाटच्या चर्चमध्ये पहिला दिवा वेदीवर लागत नाही. दर्याकडच्या कोनाड्यात लागतो, वेदीकडे पाठ करून. पाहुणे कारण विचारतात, तेव्हा दुमिंगआबा त्यांना पायरीवर बसवून घेतात.

तीही अशीच वेळ होती म्हणे, फिरंग्यांच्या अमलातली. खाडीच्या तोंडाशी खडकावर वेळोबा होता. चेहरा झिजलेला, शेंदूर फासलेला दगड. कोणत्या काळातला, कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्यापुढे कोळणी पाळीने दिवा लावत. गावाने बाप्तिस्मा घेतला, तरी दिवा राहिला.

त्या दिवशी पाळी कात्रीनची. तिचा नवरा बस्त्याव पाच सोबत्यांसह होडी घेऊन दर्यात गेलेला. पाद्री आपली माणसे आणि दोर घेऊन खडकावर आला.

"माझ्याशिवाय दुसरा देव नको, ही पहिली आज्ञा. विसरलीस?"

"नाही बाबा. पण आजच्यापुरता राहू द्या. माझा माणूस यायचाय."

"हा दगड आणणार त्याला? दगडाला डोळे आहेत?"

"दगडाला नाहीत, बाबा. नावेतल्यांना आहेत."

मागून कोणी तरी खिदळले, "नवऱ्यापायी देव बदलतेय बघा!"

कात्रीनची मान खाली गेली. पाद्री म्हणाला, "तुझ्याच हाताने विझव." तिने बोटांनी वात चिमटली. मग पाद्र्याच्या माणसांनी दोर लावून वेळोबा पाण्यात पाडला.

तो दिवा मूर्तीपुढचा, एवढेच पाद्र्याला ठाऊक होते. खडक चुकवून नाव आत घ्यायची खूण तोच, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. कोणी तोंड उघडले नाही.

अंधार पडला आणि खडकाकडून फळ्या फुटल्याचा आवाज आला. कात्रीन चुलीतले कोलीत घेऊन धावली, तोवर सहाही माणसे गेली होती. ओहोटीला बस्त्याव सापडला. पालथ्या वेळोबाला मिठी मारलेला होता, असे सांगतात.

कात्रीनने वेळोबा पुन्हा उभा केला नाही. ती ख्रिस्ताचीच राहिली. पण दुसऱ्या संध्याकाळी तिने वेदीवरचा दिवा उचलून दर्याकडच्या कोनाड्यात ठेवला आणि पाद्र्यासमोर उभी राहिली.

"हा तर तुमच्याच देवाचा, बाबा. विझवा."

पाद्र्याने हात लावला नाही.

आजही पहिला दिवा तिथेच लागतो. त्याखालच्या शिळेवर मात्र कोरले आहे की बस्त्याव आणि त्याचे पाच सोबती वादळात बुडाले. आबा 'वादळात' या शब्दावर बोट ठेवतात. त्या संध्याकाळी वाऱ्याची झुळूकही नव्हती. हे वादळ कोणी कोरायला लावले, ते आजवर कोणत्याही पाद्र्याने सांगितलेले नाही.