टिंबीची पिवळी बाही

एक होती टिंबी. मांजरीचं पिल्लू. एवढुश्शी! अख्खी पांढरी, नाकावर तेवढं एक काळं टिंब. म्हणून ती टिंबी.

टिंबीची एक पिवळी बाही होती. बाबांचा स्वेटर फाटला ना, त्याची बाही. टिंबी त्या बाहीत शिरायची. आत कसं गरम गरम! मग टिंबी म्हणायची, "घुर्रर्र, घुर्रर्र." आणि गुडुप झोपायची. बाहीशिवाय बाईसाहेबांना झोपच यायची नाही.

एकदा काय झालं, सकाळी सकाळी टिंबी बाहीशी खेळत होती. ओढ, सोड! ओढ, सोड! सर्रकन बाही गेली कपाटामागे. फट एवढीशी. पंजा जातो, टिंबी जात नाही. बाहेर थंडी, हुऽहुऽहुऽ! टिंबीला रडूच आलं.

"कपाटदादा, कपाटदादा, जरा सरक ना!"

कपाट म्हणालं, "मी? आपणहून? पोटात किती कपडे कोंबलेत बघ! आधी बाबांनी ढकलायचं, मग मी सरकायचं."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिंबी बाबांकडे गेली. बाबा गोधडीत. नाक तेवढं बाहेर.

"बाबा, बाबा,
कपाट काही सरकेना,
माझी बाही मिळेना!"

बाबा म्हणाले, "चहा पोटात गेल्याशिवाय मी कुठला उठतोय! आधी चहा, मग कपाट."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिंबी आईकडे गेली.

"आई, आई,
कपाट काही सरकेना,
बाबा काही उठेनात,
माझी बाही मिळेना!"

आई म्हणाली, "अगं, चहा उकळून उकळून आटला! पण गाळणी कुठाय? आता काय पदराने गाळू? आधी गाळणी, मग चहा."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिंबी मोरीत गेली. तिथे चारूताई बाहुलीला आंघोळ घालत होती. गाळणीतून पाणी, झुळुझुळु!

"ताई, ताई,
कपाट काही सरकेना,
बाबा काही उठेनात,
आई चहा गाळेना,
माझी बाही मिळेना!"

चारूताई म्हणाली, "आणि माझी वेणी? शाळेत काय अशी झिपरी जाऊ? आधी वेणी, मग गाळणी."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिंबी आत्याकडे गेली. आत्या पाळण्याची दोरी ओढत होती. कुईं कुईं, कुईं कुईं.

"आत्या, आत्या,
कपाट काही सरकेना,
बाबा काही उठेनात,
आई चहा गाळेना,
ताई गाळणी देईना,
माझी बाही मिळेना!"

आत्या म्हणाली, "वेणीला दोन हात लागतात गं बाई! ही दोरी कोण ओढणार? आधी बाळाची झोप, मग वेणी."

टुणुक! टिंबीने उडी मारली, थेट पाळण्यात. बाळ टक्क जागं.

"बाळा, बाळा,
कपाट काही सरकेना,
बाबा काही उठेनात,
आई चहा गाळेना,
ताई गाळणी देईना,
आत्या वेणी घालेना,
माझी बाही मिळेना!"

तेवढ्यात आई ओरडली, "गप्प बसा रे, बाळ झोपतंय!"

मोरीतून चारूताई ओरडली, "गप्प बसा, बाळ झोपतंय!"

गोधडीतून बाबा ओरडले, "गप्प बसा, बाळ झोपतंय!"

आत्या तर सगळ्यांहून मोठ्याने, "अरे, गप्प बसा ना!"

आता बोला! असं कुणी बाळ झोपवतं का?

बाळ म्हणालं, "ऐकलंस? सारखे ओरडतात! कानाशी कुणी हळूऽऽच गाईल, तर झोपेन. आधी गाणं, मग झोप."

टिंबीला एकच गाणं यायचं. तेही बाहीत शिरल्यावरच. बाहीशिवाय तिने ते कधी म्हटलंच नव्हतं.

"घ... घ..." छे! गाणं येईचना. पाय गार, नाक गार. टिंबीचे डोळे भरून आले.

बाळाने मूठ उघडली. आपला मऊमऊ हात टिंबीच्या पाठीवर ठेवला. हात कसा गरम गरम!

"घ... घु... घुर्रर्र!"

आलं की गाणं! घुर्रर्र, घुर्रर्र. बाळाने एक जांभई दिली. मग दुसरी दिली. आणि डोळे मिटले.

आत्या बघतच राहिली. "शूऽऽ! हळू बोला हं!"

मग काय! सगळं घर हळूऽऽच.

बाळ झोपलं, आत्याने वेणी घातली.
वेणी झाली, ताईने गाळणी दिली.
गाळणी आली, आईने चहा गाळला.
चहा प्याला, सुर्रर्र, बाबा उठले.
बाबांनी ढकललं, कपाट सरकलं.

आणि कपाटामागून काय निघालं? बाही! धुळीने नुसती माखलेली. बाबांनी ती झटकली. फट्! फट्! फटाऽक्छीः! बाबाच शिंकले. पण तोंडावर हात धरून बरं का!

आई टिंबीजवळ बसली. कानात म्हणाली, "आम्हां चौघांना जमलं नाही, ते तू केलंस गं माझे राणी!" आणि बशीत दिली साय. दाट दाट साय. लप लप लप!

मग टिंबी बाहीत शिरली. आई हळू चालली. ताई हळू चालली. दार हळू लागलं. आता टिंबी झोपत होती ना!

टिंबीला मिळाली बाही,
आता गोष्ट उरली नाही.