पितळी कांबी आणि तांब्याच्या कांबी

वीज गावोगाव नुकतीच पोचत होती, तेव्हाची ही गोष्ट. ताराक्काच्या भातगिरणीत एक मोटर होती. तिच्या फिरत्या गाभ्यात कांबींचे दोन पिंजरे होते. बाहेरचा बारीक पितळी कांबींचा, आतला जाड तांब्याच्या कांबींचा.

मोटर सुरू होताना सगळा ओढा पितळी कांबींवर यायचा आणि त्या सणकून तापायच्या. वेग आला की काम आपोआप आतल्यांकडे जायचं.

"दिवसभर गिरणी आम्हीच ओढतो," तांब्याच्या कांबी म्हणायच्या. "मग सुरुवातीला यांची लुडबुड कशाला?"

एका सकाळी पितळी कांबी तडकल्या. ताराक्कानं बटण दाबलं, तर मोटर नुसतीच गुणगुणत राहिली. भात घेऊन आलेल्या बायका ताटकळल्या.

"अगं, फीर की!" ताराक्का काकुळतीला आली.

तांब्याच्या कांबींनी सगळी ताकद लावली, पण गिरणीचा पट्टा जागचा हलेना. अंगात जोर असून असं का व्हावं, हे त्यांना कळेना.

दस्तगीर मिस्त्रीनं तडकलेल्या पितळी कांबी सांधून दिल्या आणि गिरणी लगेच सुरू झाली.

"आम्हाला का जमलं नाही गं?" आतल्यांनी विचारलं.

"मला तरी कुठं ठाऊक?" एक पितळी कांब म्हणाली. "वेग आला की माझ्याही हाताला काम लागत नाही. वाटलं, तुम्हीच हिसकावून घेता."

"आणि आम्हाला वाटायचं, तू आम्हाला अडवतेस."

कोडं कुणालाच सुटलं नाही. तेवढ्यात वीज गेली आणि मोटर थांबली. वीज परत आल्यावर ताराक्कानं बटणाकडे हात नेला.

"आधी तू," आतल्या कांबी हळूच म्हणाल्या.