दगडमाळचा थांबलेला ताशा

दगडमाळ मतदारसंघात निकालाच्या दिवशी ताशेवाले खाणीच्या तळ्यापाशी गप्प उभे राहतात. नव्या सोसायट्यांतली माणसं गॅलरीतून विचारतात, निकाल लागला तरी वाजवत का नाहीत? मग गावठाणातले गोविंदभाऊ खालूनच सांगायला लागतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा मतं पेटीगणिक मोजायचे, आणि उपनगर म्हणजे गावठाण अन् माळावरच्या चार-दोन कॉलन्या. गावठाणातून येसाजी वाळुंज उभा राहिला, कॉलनीतून उकिडवे नावाचे निवृत्त पोस्टमास्तर. येसाजीने भैरोबापुढे बेलभंडारा उचलून शपथ घेतली म्हणे, हरलो तर हे तोंड माळाला पुन्हा दाखवणार नाही. त्याची बायको सगुणा तेव्हाच धास्तावली. नवऱ्याचा हट्ट तिला चांगला ठाऊक होता.

मोजणीत गावठाणाच्या पेट्या आधी फुटल्या. येसाजी केव्हाच पुढे गेला. गावाची मतं मोजली की निवडणूक संपली, असंच सगळे धरून चालले होते. कॉलनीवाले कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. गुलालाची पोती मोकळी झाली, येसाजी नखशिखांत माखला. सगुणाने ओवाळलं खरं, पण तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. दुपार कलली आणि निरोप आला, कॉलन्यांच्या पेट्या उघडल्या, उकिडवे निवडून आले.

बघता बघता अंगण ओस पडलं. येसाजीही दिसेना. सगुणाने गोठा पाहिला, देऊळ पाहिलं, मळा पालथा घातला. ती शपथ काही तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी ती खाणीकडे धावली. काठावर त्याच्या वहाणा दिसल्या, तशी तिने वाकून खाली पाहिलं.

तो खाली, छातीएवढ्या पाण्यात उभा होता. घासून घासून गाल सोलले होते.

"सगुणे, निघंना गं ह्यो गुलाल," तो म्हणाला. "तू म्हागं फिर."

ती तशीच पाण्यात उतरली. त्याच्या सदऱ्यावरचा ओला गुलाल दोन्ही हातांनी निपटून तिने स्वतःच्या तोंडाला फासला.

"आता माझं त्वांड तरी कुणाला दावू? जायचं तर दोघं जाऊ. न्हाईतर दोघं घरी चला."

येसाजी लहान पोरासारखा रडला.

दोघं वर आली तर समोर उकिडव्यांची मिरवणूक. उकिडव्यांनी हात वर करून ताशे थांबवले, काठावरच्या वहाणा स्वतः उचलल्या आणि दोघांना दारापर्यंत पोचवून आले. त्यानंतरच ताशा वाजला, असं सांगतात.

आजही दगडमाळात निकाल जाहीर झाला की कोण जिंकलं हे कुणी आधी विचारत नाही. आधी विचारतात, "हरलेला घरी पोचला का?"