हलायचं नाही, बोलायचं नाही

“आठ महिने ही बाई खोकत होती, आणि एकाही माणसाला तिच्याकडे नीट बघावंसं वाटलं नाही?”

शर्वरीने प्रश्न विचारला खरा, पण कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. समोर होता तो नुसता पडदा.

“एकाही माणसाला म्हणजे कुणाला?” मागून हलगेकर मॅडमनी विचारलं.

शर्वरी उत्तराच्या भानगडीत पडली नाही. ती घाईत होती. ती नेहमीच घाईत असे.

डॉ. कुमुद हलगेकर एकाहत्तराव्या वर्षीही आठवड्यातून तीन दिवस इस्पितळाच्या तळघरात येत. स्कॅनची यंत्रं तिथेच होती. वर मे महिन्याचं ऊन रणरणत असलं तरी मॅडमच्या अंगात राखाडी लोकरीचा स्वेटर. शिकाऊ डॉक्टर त्यावरून विनोद करायचे. शर्वरी सगळ्यांत हुशार, म्हणून तिचे विनोद सगळ्यांत बोचरे.

“बघा ना मॅडम. फुप्फुसातली गाठ ही. ती तर आधीपासून माहीत होती. पण माझ्या प्रोग्रॅमने हे काढलं.” तिने पडद्यावर बोट ठेवलं. “मानेच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना. कॅन्सर पसरलाय. चौऱ्याण्णव टक्के खात्री.”

मानवी आकृतीच्या गळ्याशी दोन डाग निखाऱ्यासारखे पेटले होते. हे स्कॅन करण्याआधी रुग्णाला एका खास साखरेचं इंजेक्शन देतात. कॅन्सरच्या पेशी भुकेल्या असतात. त्या साखर ओढून घेतात आणि चित्रात चमकतात. ती चमक शोधायला शर्वरीने संगणकाला दीड वर्ष शिकवलं होतं. अकराशे स्कॅन दाखवून.

“साध्या चित्रात तिथे गाठ दिसते?”

“स्पष्ट नाही. पण गाठ वाढायच्या आधी पकडणं, हेच तर त्याचं काम आहे!”

“हं... आणि पसरला असेल तर?”

“तर सोमवारचं ऑपरेशन रद्द. मानेपर्यंत गेल्यावर फुप्फुस कापून काय उपयोग? सर्जन रिपोर्टचीच वाट बघतायत.”

मॅडम खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या.

“बाई करतात काय?”

शर्वरीने फॉर्म चाळला. “द्वारका चौगुले. वय छप्पन्न, वजन अठ्ठेचाळीस, साखर नॉर्मल...”

“पोटासाठी काय करतात, ते विचारलं मी.”

“फॉर्ममध्ये तो रकाना नाही, मॅडम.”

“इंजेक्शन दिल्यावर कुठे बसल्या होत्या?”

“इंजेक्शनच्या खोलीत. सगळेच तिथे बसतात. तासभर. हलायचं नाही, बोलायचं नाही.”

“तू कधी बसलीस?”

शर्वरीला हसू आलं. “मी? मी काय पेशंट आहे?”

“खोली आत्ता रिकामी आहे. जाऊन बस.”

“मॅडम, रिपोर्ट पाचपर्यंत...”

“हलायचं नाही,” मॅडम म्हणाल्या, “बोलायचं नाही.”

शर्वरी पाय आपटत गेली. म्हातारपणी माणसाला असल्या लहरी सुचतात, हे तिने मनातल्या मनात चारदा म्हटलं. पाचव्यांदा म्हणायच्या आत तिच्या लक्षात आलं की वरची एसीची जाळी थेट मानेवर वारा सोडते आहे.

यंत्रं तापू नयेत म्हणून तळघर गार ठेवतात. तिला ते माहीत होतं. भिंतीवर आकडा होता: सतरा. तो आकडा ती रोज जाता-येता बघत असे. आकडा गार नव्हता. खुर्ची होती.

दहा मिनिटं गेली. वीस. बोटं बधिर झाली. उठून ढोपरं चोळावीत असं वाटलं, पण हलायचं नाही. कुणाला हाक मारावी, तर बोलायचं नाही. दारावरून छबूमावशी, खोलीची आया, दोनदा गेली. दोन्ही वेळा शर्वरीने तिच्याकडे आशेने बघितलं.

पाऊण तासाने मॅडम आल्या. स्वेटरच्या बाह्यांत जपून ठेवलेले दोन्ही तळवे त्यांनी शर्वरीच्या मानेच्या बुडाशी ठेवले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे.

ऊब लागली तेव्हा शर्वरीला कळलं की आपले खांदे कानांपर्यंत चढले आहेत. ते कधी चढले, कोण जाणे.

“डाग कुठे होते म्हणालीस?”

शर्वरीला आठवलं.

परीक्षेत एक प्रश्न आला होता. थंडीत शरीर ऊब करायला साखर जाळतं, आणि त्यासाठी राखलेली चरबी माणसाच्या शरीरात मुख्यतः कुठे असते? तिने बरोबर लिहिलं होतं: मानेच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना. पैकीच्या पैकी गुण होते.

“...म्हणजे तो कॅन्सर नाही?”

“असं मी कुठे म्हटलं?”

“म्हणजे आहे?”

“असंही नाही म्हटलं.”

“मग मी रिपोर्टमध्ये लिहू काय?”

“तुला काय माहीत आहे?”

शर्वरीने तोंड उघडलं. चौऱ्याण्णव हा आकडा जिभेवर येऊन थांबला.

“काहीच नाही,” ती म्हणाली.

“अक्षर चांगलं काढ,” मॅडम म्हणाल्या. “सर्जनला वाचता आलं पाहिजे.”

त्या संध्याकाळी शर्वरी पहिल्यांदाच वर वॉर्डात गेली. शेवटच्या खाटेवर एक काटकुळी बाई मांडी घालून, शेजारणीला बासुंदी कधी लागते आणि कधी नाही ते समजावत होती.

“द्वारकाबाई, तुम्ही काम काय करता?”

“आचारीण हाय की मी. लग्नाच्या पंगती. हजार पानं उठवलीत एका दिवसात.” बाईंनी हाताची पोळलेली बोटं दाखवली. “तीस वर्सं भट्टीम्होरं उभी हाय बघा. म्हणून तर तुमचं ते तळघर सोसंना. निस्तं बर्फाचं कोठार!”

“गार लागत होतं?”

“लागत होतं? दातावर दात आपटत हुते, बाई!”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

द्वारकाबाईंनी तिच्याकडे अशा काही नजरेने बघितलं, जणू साधी गोष्ट न कळणारं लेकरू समोर आहे.

“बोलू नगा म्हणालात न्हवं.”

शर्वरीने खाटेजवळचं स्टूल ओढलं आणि बसली.

“आता खरं सांगा डॉक्टरीणबाई,” बाईंनी आवाज खाली आणला. “सोमवारी कापणार का न्हाई? न्हाई म्हणालात की कळतंय मला, त्याचा अर्थ काय असतोय ते.”

“मला अजून माहीत नाही,” शर्वरी म्हणाली. हे तिला दिवसात दुसऱ्यांदा कबूल करावं लागलं, आणि आश्चर्य म्हणजे या वेळी ते तितकं कडू लागलं नाही. “शनिवारी पुन्हा बघू. त्याआधी घरून काहीतरी जाड पांघरूण मागवा.”

शनिवारी जाळी बंद होती. द्वारकाबाई दोन गोधड्यांत गुरफटून बसल्या होत्या, डोळे मिटून, आज्ञाधारक. शर्वरी दर दहा मिनिटांनी आत जाऊन यायची. बोलायचं नव्हतं, म्हणून त्यांनी खूण ठरवली होती: गार लागलं तर एक बोट वर. बोट एकदाही वर आलं नाही. कपाळावर घाम मात्र आला.

दुपारी पडद्यावर चित्र उमटलं.

फुप्फुसातली गाठ होती तशीच पेटलेली होती. मान अंधारात होती. दोन्ही बाजूंना.

प्रोग्रॅमनेही तिथे खूण केली नाही. शर्वरीने चित्र पुढे-मागे करून सहा वेळा तपासलं. मग सर्जनना फोन लावला. सोमवारचं ठरलं तसंच राहिलं.

“मॅडम!” तिला आता दम धरवत नव्हता. “मी प्रोग्रॅममध्ये नवा रकाना घालते. खोलीचं तापमान. म्हणजे हे पुन्हा होणारच नाही. आणखी काय काय घालू?”

मॅडम स्वेटरचं बटण लावत होत्या.

“किती रकाने घालशील?”

“लागतील तेवढे!”

“घाल घाल...” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “आणि तो माणूस सापडला का गं?”

“कुठला?”

“आठ महिने ज्याने बाईंकडे नीट बघितलं नाही, तो.”

शर्वरीने कळफलकावरचा हात मागे घेतला.

तेवढ्यात गोधड्यांच्या घड्या काखेत मारून छबूमावशी दारात आली.

“डॉक्टर, पुढचे आजोबा आत बसवलेत. आधी बघून घेता, का फोटो निघाल्यावरच बघणार?”