ओल लागेपर्यंत

पूर्वी अंजनपुरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने हत्तीच्या योनीत जन्म घेतला होता. नगराच्या उत्तरेला एक नदी होती. पावसाळा सोडला तर तिला पाणी कसले ते ठाऊक नसे. तिच्या काठच्या अरण्यात तो आपल्या कळपाचा नायक होऊन राहत असे. पण त्याच्याआधी मेधंकर नावाच्या आचार्यांची ओळख करून द्यायला हवी, कारण त्या उन्हाळ्यात अडचणीत सापडले होते ते आचार्य.

मेधंकर भूजलविद्या शिकवीत. जमिनीच्या पोटात पाणी कुठे आहे, हे वरची झाडे, वारुळे, मातीचा रंग यांवरून ओळखण्याची ती विद्या. तिची सगळी सूत्रे आचार्यांना मुखोद्गत होती. त्यांचे शिष्यही ती घडाघडा म्हणत. म्हणताना त्यांचे डोळे मात्र स्वयंपाकघराकडे लागलेले असत.

आचार्य प्रेमळ होते आणि खोट तिथेच होती. पोरांना रानोमाळ हिंडवून उन्हात कशाला शिजवायचे, म्हणून ते स्वतः भल्या सकाळी एकटेच फिरून येत. पाण्याची जागा सापडली की तिथे खैराची खुंटी ठोकून ठेवीत. मग शिष्य न्याहारी आटोपून येत, सरळ खुंटीपाशी जात, भोवती उभे राहून लागू पडेल ते सूत्र म्हणत आणि जेवणाच्या आत घरी परतत. सुरुवातीला एखादा प्रश्न विचारी. पण प्रश्न पुरता तोंडाबाहेर पडण्याआधी आचार्यांचे उत्तर तयार असे. हळूहळू मुलांनी तोंड उघडायचेच सोडून दिले.

आचार्यपत्नी विशोका एकदा म्हणाली, "अहो, पोरांना घास चावून भरवता तुम्ही. त्यांना दात यायचे कसे?"

"मग काय उपाशी ठेवू?" आचार्य म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खुंटी घेऊन निघाले.

त्या वर्षी माळावरच्या गवळ्यांची विहीर आटली. गुरे घेऊन गाव सोडायची पाळी आली. राजाने आचार्यांना बोलावून घेतले.

"आचार्य, तुमची दृष्टी अधू होत चालली आहे, हे आमच्या कानावर आलंय," राजा म्हणाला. "तुमच्यामागे ही विद्या कोण सांभाळणार? माळावर पाणी तुमच्या शिष्यांनी शोधावं. तुम्ही बरोबर या, पण बोलायचं नाही. त्यांना जमलं नाही तर पाठशाळेची जागा मी धनुर्धरांना देईन. निदान नेम धरायला तरी शिकतील कोणी."

ठरल्या दिवशी सगळे माळावर गेले. शिष्य मान खाली घालून इकडेतिकडे हिंडू लागले. किती बारकाईने माती पाहतात, म्हणून राजाला कौतुक वाटले. आचार्यांनी मात्र खरे काय ते ओळखले. पोरे माती पाहत नव्हती, खुंटी शोधत होती.

पाठांतरात सगळ्यांत तल्लख असलेला दर्भक एका जागी थबकला. त्याचा चेहरा खुलला. तिथे खरोखरच एक खुंटी होती. त्याने गोड आवाजात एक लांबलचक सूत्र म्हटले. गवळ्यांनी खणायला सुरुवात केली. कमरेइतके खणून होते न होते तोच काळा फत्तर लागला.

"आरं लेकरा," एक म्हातारी गवळण म्हणाली, "ती माझ्या म्हशीची खुंटी हाय."

सगळा माळ हसला. राजा हसला नाही. "पौर्णिमेला पुन्हा येऊ," तो म्हणाला. "त्यानंतर नाही."

घरी आल्यावर आचार्यांनी शिष्यांना तोंडाला येईल ते सुनावले. शिष्यांनी तेही मुकाट्याने ऐकून घेतले, जणू आणखी एक सूत्र पाठ करायला मिळाले होते. ते पाहून आचार्यांचा उरलासुरला धीर सुटला. ही विद्या आपल्याबरोबर जाणार आणि तिच्या मरणाला आपणच कारण होणार, एवढे त्यांना कळले. आपले चुकले कुठे, ते कळेना. दुसऱ्या दिवशी ते कुणालाही न सांगता उत्तरेच्या अरण्यात निघून गेले आणि कोरड्या नदीच्या काठी एका अर्जुनवृक्षाखाली बसून राहिले.

ऊन चढले तसा हत्तींचा कळप पात्रात उतरला. सगळ्यांच्या सोंडा लोंबत होत्या. नायकाने वाळूचा वास घेतला, एक जागा निवडली आणि पायाने व सोंडेने तो वाळू उपसू लागला. आचार्यांना आपल्या विद्येचा विसर पडला नव्हता. जागा अचूक आहे, हे त्यांनी मनात म्हटले.

खड्डा खोल झाला. तळाची वाळू काळपट दिसू लागली. आणि नेमक्या त्या वेळी नायक खणायचे थांबला, दोन पावले मागे सरला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

"हे काय?" एक वयस्क हत्तीण रागावली. "पाणी तोंडाशी आलं आणि हा पाठमोरा!"

कळपातले एक पिल्लू पुढे झाले. त्याने खड्ड्यात सोंड घातली. गार लागले तशी ती झटकन बाहेर काढली, पुन्हा घातली. मग ते वेड्यासारखे खणू लागले. कडेची वाळू ढासळून खड्डा अर्धा बुजला. पिल्लू चिडले, ओरडले, दुसऱ्या बाजूने खणू लागले. हत्तीण मदतीला धावली, तर नायकाने तिला खांद्याने अडवले. अखेर तळाला पाणी पाझरले. पिल्लाने पहिली सोंड भरली, पण ते पाणी प्यायले नाही, आनंदाच्या भरात सगळ्यांच्या अंगावर उडवली. मग कळप प्यायला. नायक सगळ्यांत शेवटी प्यायला, आणि त्याच्या वाट्याला आले ते गढूळ पाणी.

आचार्य हात जोडून पुढे झाले. "गजराज, आपण स्वतः तहानेने व्याकूळ होतात. अजून थोडं खणलं असतं तर सगळ्यांचं काम लवकर झालं असतं. मग थांबलात का?"

"मी पाजलं असतं तर पिल्लू आजपुरतं प्यायलं असतं," बोधिसत्त्व म्हणाला. "मी म्हातारा झालोय. पुढच्या उन्हाळ्यात मी नसेन, नदी अशीच कोरडी असेल."

"मग सुरुवातीपासून त्यालाच का खणू दिलं नाहीत?"

"रखरखीत वाळूत उभं केलं असतं तर कंटाळून निघून गेलं असतं ते. पाणी आहे यावर त्याचा विश्वास कसा बसणार? ओल लागेपर्यंत माझं काम. ओल दिसली की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

आचार्यांनी त्या ढासळलेल्या खड्ड्याकडे पाहिले. मग म्हणाले, "आणि ते खणत असताना नुसतं उभं राहायचं, हे आपल्याला जमतं कसं?"

"जमत नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "म्हणून तर पाठ फिरवतो."

आचार्य घरी आले. त्या दिवसापासून त्यांनी खुंटी ठोकणे बंद केले. सकाळी ते शिष्यांना घेऊन ओढ्याच्या उतारावर गेले. एका वारुळापाशी थांबून म्हणाले, "हे बघा. सगळं रान वाळलंय, आणि या वारुळावर आज सकाळची ताजी माती आहे. मुंग्यांनी ती ओली माती आणली कुठून? मला एवढंच दिसतं." एवढे बोलून ते झाडाखाली पाठ करून बसले.

शिष्यांनी आधी त्यांच्या पावलांचे ठसे शोधले. ठसे सापडेनात. "आचार्य, सांगा ना," दर्भक म्हणाला. उत्तर आचार्यांच्या जिभेच्या टोकावर होते. त्यांनी कनवटीचा हिरडा काढून तोंडात टाकला आणि चघळत राहिले. त्या दिवसांत त्यांनी इतके हिरडे चघळले, की विशोकेने वैद्याकडे जायचे का म्हणून विचारले.

पहिले काही दिवस वाया गेले. शिष्य चिडले, म्हाताऱ्याला चळ लागला असे आपापसांत बोलले. मग एके सकाळी आचार्यांना पाठीमागे भांडण ऐकू आले. सूत्रात पश्चिम म्हटले आहे, असे एक जण म्हणत होता. सूत्राला हा उतार ठाऊक होता का, असे दर्भक विचारत होता. दोघे हमरीतुमरीवर आले आणि खरे काय ते बघायला दोन जागी खणू लागले. आचार्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठशाळेत सूत्रावरून पहिल्यांदा भांडण झाले होते.

पौर्णिमेला सगळे पुन्हा माळावर जमले. आचार्यांनी नजर फिरवली. लांबवर जांभळाचे झाड अंधुक दिसत होते आणि त्याच्याशेजारी वारूळ. सूत्र स्पष्ट होते, पाणी तिथेच असणार. पण शिष्य जांभळापर्यंत जाऊन परत आले आणि भलत्याच दिशेला, एका खडकाळ खळग्याकडे निघाले. कशाच्या तरी मागे ते धावत होते. काय ते आचार्यांना दिसेना.

"पोरं बरोबर चालली आहेत ना?" राजाने हळूच विचारले.

आपण एक शब्द बोललो तर पाठशाळा वाचेल, असे आचार्यांना त्या क्षणी वाटले. त्यांच्याजवळचा हिरडाही संपला होता. "महाराज," ते म्हणाले, "बोलू नका असं आपणच सांगितलंत." आणि त्यांनी पाठ फिरवली.

खळग्यात बराच वेळ कुदळी चालल्या. गवळी कुरकुरू लागले. मग एकदम गलका झाला. राजा धावला, गवळणी धावल्या. पाणी लागले होते.

दर्भकाने सांगितले ते असे. जांभळापाशी वारूळ होते, पण ते ओस पडलेले होते. खळग्याकडून मात्र मातीची घरटी बांधणाऱ्या कुंभारीण माश्या उडत येत होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडात ओल्या मातीची गोळी होती. त्या परत फिरल्या तशी पोरे त्यांच्यामागे धावली होती. राजाने खात्रीसाठी जांभळापाशीही खणून पाहिले. तिथे कोरडा मुरूम निघाला.

"महाराज, मी असतो तर जांभळापाशी खणलं असतं," आचार्य म्हणाले.

"म्हणजे शिष्य तुमच्यापेक्षा शहाणे निघाले?"

"हो, महाराज." हे त्यांनी इतक्या आनंदाने सांगितले, की या वेळी राजालाही हसू आले.

एवढ्यात दर्भक चिखलाच्या हातांनी धावत आला. "आचार्य, जांभूळ आणि वारूळ असलं की पाणी, असं सूत्र आहे. मग तिथे पाणी का नाही?"

आचार्यांनी विचार केला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "चल, बघू."

आणि राजाला तिथेच उभा ठेवून गुरुशिष्य कोरड्या खड्ड्याकडे निघून गेले.

पुढे बुद्ध झाल्यावर शास्त्यांनी ही कथा जेतवन विहारात चुल्लसेन स्थविर या ज्येष्ठ भिक्षूंना सांगितली. आपण धर्म समजावून सांगतो तेव्हा शिकाऊ श्रामणेर डुलक्या घेतात, अशी स्थविरांची तक्रार होती. कथा संपवून शास्ता म्हणाले, "स्थविर, तेव्हाचे मेधंकर आचार्य तुम्हीच होतात. रोज विहारात अन्न घेऊन येणारी आणि तुम्हाला टोमणे मारणारी उपासिका ही तेव्हाची विशोका. तुमच्या समोर बसून सगळ्यांत आधी जो डुलकी घेतो, तो दर्भक. कळपाचा नायक मी होतो."

"आणि भगवन्, ते पिल्लू?" स्थविरांनी विचारले.

शास्ता नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी स्थविर शिकवायला बसले, तेव्हा यांतले ते पिल्लू कोण, हे शोधत प्रथमच त्यांनी एकेका श्रामणेराच्या तोंडाकडे नीट पाहिले. या जातकात वर्णिलेला गुण क्षांती, म्हणजे तहानलेले असूनही दुसऱ्यासाठी थांबण्याचा धीर.