लेथवरचा हार

“पण अण्णा, यात खोट काढायला जागा तरी कुठं आहे?”

हृषीकेशनं केरबाअण्णांना विचारलं. औद्योगिक वसाहतीमागच्या दत्ताच्या देवळात ते सकाळचं निर्माल्य काढत होते. कालचे झेंडूचे हार एकेक करून टोपलीत पडत होते.

अण्णा मूळचे टर्नर. अठ्ठावीस वर्षं लोखंड कातायचा लेथ चालवला आणि फावल्या वेळात कंपन्यांचे ताळेबंद वाचायचा नाद लावून घेतला. त्यांच्याकडून शिकायला माणसं देवळाच्या पायरीवर येऊन बसत. हृषीकेश त्यांतला सगळ्यात हुशार, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

आज तो विचारायला आला नव्हता. शाबासकी घ्यायला आला होता.

अण्णा ज्या पंपांच्या कारखान्यात राबले, त्याच बासष्ट वर्षांच्या कंपनीवर त्यानं चाळीस पानांचा अहवाल लिहिला होता. कर्ज नाही. तीस वर्षांत लाभांश एकदाही चुकला नाही. नुसती जमीन धरली तरी शेअर पाण्याच्या भावात मिळत होता.

गेल्या आठवड्यात वृंदाताईच्या नवऱ्याच्या विम्याचे सगळे पैसे त्यानं या एका शेअरात घातले होते. थोरली बहीण, पदरात दोन मुली. भाऊ सांगेल तिथं तिनं सही केली होती.

“कारखान्यात आत जाऊन आलास?” अण्णांनी विचारलं.

“आलो की. दहा दिवस झाले. नुसत्या कागदावर विसंबणारा मी नव्हे.”

त्यानं मोबाइलवरचा फोटो पुढे केला. झाडून पुसून लख्ख केलेली फरशी, ओळीनं सहा लेथ. ज्यात लोखंड पकडून गरगर फिरवतात, त्या प्रत्येक चकवर झेंडूचा वाळलेला हार. खंडेनवमीची पूजा इथं अजून श्रद्धेनं होते, असं त्यानं अहवालात कौतुकानं लिहिलंही होतं.

अण्णांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. तिसऱ्या लेथवर अंगठा ठेवला. तो लेथ एकेकाळी त्यांचा होता.

बराच वेळ अंगठा तिथून हलला नाही...

मग ते उठले. टोपलीतला एक हार उचलला. कोयत्याला धार लावायचं हाताचं चाक कोपऱ्यात होतं. हार त्यांनी त्या चाकावर घातला.

“फिरीव.”

हृषीकेशला हसू आलं. म्हातारा आता दत्ताचा अंगारा लावणार की काय, असं त्याच्या मनात आलं. तरी त्यानं मूठ धरून चाक फिरवलं.

दुसऱ्याच फेऱ्याला दोरा तुटला. झेंडूच्या पाकळ्या पायरीभर उडाल्या.

“दसरा होऊन किती दीस झालं?”

“सहा महिने...”

म्हणजे खंडेनवमीपासून ते लेथ एकदाही फिरले नव्हते. नफातोटा पत्रकातली ‘इतर उत्पन्न’ ही ओळ आता त्याला आठवली. कारखान्याच्या शेड कुणाकुणाला गोदामासाठी भाड्यानं दिल्या होत्या, त्याचे ते पैसे; लाभांश बहुधा त्यातूनच येत होता. किरकोळ बाब म्हणून त्यानं ते पान उलटून टाकलं होतं. आणि शेअर असा, की दिवसाकाठी दोनचार गिऱ्हाइकंही मिळायची मारामार. एवढे विकायला काढले, तर घेणार कोण?

वसाहतीतल्या त्या कारखान्याच्या बाजूनं यंत्राचा आवाज नव्हता. आपण आलो तेव्हाही तो नव्हता, हे हृषीकेशच्या आत्ता ध्यानात आलं.

“अण्णा... ताईला काय सांगू?”

अण्णा खाली बसून पाकळ्या वेचत होते. त्यांचे डोळे भरले होते, पण हात थांबले नव्हते.

“ह्यो फोटू तिला आधी दाखवायचास. रोज देवघर आवरणारी बाई हाय ती. तिनं एवढंच इचारलं असतं... दसऱ्याचं निर्माल्य आजून कुणी काढलं कसं न्हाई?”