जीपची काच

फार जुनी नव्हे, पण आता जुनीच वाटावी अशी ही गोष्ट. गुरांच्या डॉक्टरांची एक जीप होती. फणसाच्या फाट्यावर आली की तिचा वेग आपोआप कमी व्हायचा. डॉक्टर काच खाली करून ओट्यावरच्या तानूआजीला रस्ता विचारायचे.

"कोणाकडं?" आजी उलट विचारायची. नाव कळलं की रस्ता सांगायची आणि त्या घरची ख्यालीखुशालीही. जीप कान देऊन ऐकायची.

मग डॉक्टरांनी रस्ता सांगणारा, गाणी वाजवणारा, जीपच्याच कंपनीचा डबा बसवून घेतला. त्याच्यासाठी ठेवलेली जागा जीपच्या छातीत जन्मापासून रिकामीच होती. डबा टक्कन बसला.

"आलास बाबा," जीप हरखून म्हणाली. "आता बोलायला घरचं कुणी मिळालं."

"कुठे जायचे आहे?" डब्याने विचारलं.

त्या दिवसापासून काच खाली झालीच नाही. फाट्यावर जीप दिसली की आजी उठून पुढे यायची. तिचे ओठ हलताना दिसायचे, पण आत गाणी चालू असायची. दिवाळीपर्यंत आजीने उठायचंही सोडून दिलं.

एका दुपारी जीप एका गोठ्यापाशी थांबली. डॉक्टर बॅग घेऊन उतरले.

"आपण पोहोचलात," डबा म्हणाला.

"कोणाकडं?" जीपने विचारलं.

डब्याने सगळा नकाशा धुंडाळला.

"आपण पोहोचलात," तो पुन्हा म्हणाला.